टोकियोतून घेतलेली जुनी वाकिझाशी, पातं बघून घ्या मूठ बघून नाही

शेवटी घेतली एकदाची. जपानच्या एदो काळातली (1603 ते 1868) वाकिझाशी, म्हणजे सामुराईच्या कमरेला मोठ्या तलवारीसोबत असायची ती धाकटी, पातं साधारण 30 ते 60 सेंमी (त्याहून छोटं असेल तर तांतो). त्या काळात व्यापाऱ्यांनाही ही लावायला मुभा होती, त्यामुळे अजूनही बऱ्याच मिळतात.

माझ्या पात्यावर लोहाराची सही नाही, म्हणूनच तर परवडली. पण सहीचं एवढं मनावर घेऊ नका, मोठ्या लोहारांच्या नावाच्या खोट्या सह्या भरपूर आहेत. पातं लाइटखाली तिरकं धरून बघा. वाळूतल्या लोखंडापासून काढलेलं पोलाद, तामाहागाने, घड्या घालून घालून ठोकलेलं असतं त्याच्या रेषा लाकडातल्यासारख्या दिसतात, आणि धारेलगत तो पांढुरका नागमोडी पट्टा, हामोन. पाणी द्यायच्या आधी पात्यावर मातीचा लेप लावतात, पाठीकडे जाड आणि धारेकडे पातळ, मग धार झटकन गार होऊन कडक होते, पाठ जरा नरम राहते आणि पातं सहसा मोडत नाही. स्वस्त नकलांवर हा पट्टा ॲसिडने काढतात, तो मेलेला दिसतो. माझ्या पात्यात बारीक कण चमकतात, तासभर बघत बसलो तरी कंटाळा येत नाही!! टोकाजवळ थोडे खड्डे आहेत पण चालतंय.

मूठ मात्र यथातथाच. तिच्यावरचं पाकट माशाचं कातडं छान आहे, वरची रेशमी दोरी सैल झालीये, आणि म्यानाच्या बाजूला छोट्या सुरीची खाच आहे पण सुरी गायब. दुकानदार परजेचंच (मूठ आणि पातं यांच्यामधली हात वाचवणारी चकती) कौतुक करत होता, लोखंडी, साधी, ठीक आहे.

बांबूची एक खीळ काढली की अख्खी मूठ निघते. आत पात्याच्या बुडाला काळपट गंज असतो तो चुकूनही घासू नका, वय त्यावरूनच ओळखतात, घासलात की किंमत गेली.

आणि नोंदणीचं कार्ड नसेल तर हातच लावू नका. ते माणसाच्या नाही पात्याच्या नावाचं असतं, विकत घेतल्यावर 20 दिवसांत ज्या प्रांताचं कार्ड आहे तिथल्या शिक्षण मंडळाला कळवायचं. जपानबाहेर न्यायची तर सांस्कृतिक खात्याची परवानगी वेगळी, तेव्हा सुट्टीला घरी येताना बॅगेत टाकून आणू असं डोक्यात असेल तर काढून टाका.