पांडवलेणी की गोंदेश्वर?

नाशकात पाहुणे आले आणि जुनी शिल्पं बघायला हाताशी एकच सकाळ असली, तर मी त्यांना पांडवलेणीला नेतो. पायऱ्यांनी दम लागतो, पण लेणं क्रमांक 3 समोर आलं की तक्रार थांबते. व्हरांड्याच्या तळाशी सहा यक्ष जणू अख्खं लेणं खांद्यावर पेलून उभे आहेत. कमरेखालचं अंग जमिनीतच. दारावरची नक्षी थेट लाकडी तोरणासारखी. व्हरांड्याच्या मागच्या भिंतीवर गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे, मुलाच्या, म्हणजे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या पराक्रमाचं कौतुक करणारा. पुढे 10 क्रमांकाच्या लेण्यात त्याच्याच शत्रूच्या, नहपानाच्या जावयाचे लेख! (पांडवांचा इथे काडीचा संबंध नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.)

सिन्नरचा गोंदेश्वर त्यानंतर हजारेक वर्षांनी, यादवकाळात उभा राहिला. भूमिज शैलीतलं (शिखरावर छोट्या शिखरांच्या रांगा असलेलं) शिवपंचायतन, म्हणजे मधे शंकराचं देऊळ आणि चार कोपऱ्यांत चार छोटी देवळं, आणि सभामंडपाच्या खांबांवर बोटभर जागा मोकळी नाही. कारागिरी मोजायची तर हाच सरस. पण इतकी गर्दी की नजर ठरत नाही. इथे उतरत्या उन्हातच जावं, कोरीवकाम तेव्हाच उठून दिसतं. चित्रं काढणाऱ्यांनी मात्र आधी सिन्नरच गाठावं.