पो की हॉथॉर्न: आधी कोणाला वाचावं?

एकोणिसाव्या शतकातली अमेरिकन कथा वाचायची म्हटलं की एडगर ॲलन पो आणि नथॅनिएल हॉथॉर्न ही दोन नावं हटकून पुढे येतात. एकाच संध्याकाळी कथा सुरू करून संपवायची असेल, किंवा कथा कशी बांधतात हे शिकायचं असेल, तर पो घ्या. कथा संपल्यावरही तिच्याशी वाद घालत बसायला आवडत असेल तर हॉथॉर्न. मात्र चुकीच्या पुस्तकापासून सुरुवात केली तर दोघंही कंटाळवाणे वाटतात.

पो (१८०९–१८४९) जन्मला बॉस्टनमध्ये, वाढला रिचमंडला, आणि जगला मासिकांवर. 'सदर्न लिटररी मेसेंजर', 'बर्टन्स', 'ग्रॅहम्स', 'ब्रॉडवे जर्नल' अशी त्याची नोकऱ्यांची यादी आहे. १८४० साली त्याचा दोन खंडांचा कथासंग्रह निघाला तेव्हा मोबदला म्हणून त्याला पुस्तकाच्या वीस प्रती मिळाल्या, पैसे नाहीत. 'द गोल्ड-बग'ला १८४३ मध्ये शंभर डॉलरचं बक्षीस मिळालं, ती त्याच्या लेखी मोठी रक्कम. मासिकाचा वाचक एका बैठकीत जेवढं वाचेल तेवढंच आपलं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. कथा अर्ध्या तासापासून दोन तासांत वाचून व्हावी, आधी परिणाम ठरवावा आणि मग त्याला धरून प्रसंग रचावेत, पहिल्या वाक्यापासून सगळं त्या एका परिणामाकडे जावं, हे त्यानं १८४२ साली लिहून ठेवलं. गंमत म्हणजे हे सूत्र त्यानं मांडलं ते हॉथॉर्नच्या 'ट्वाइस-टोल्ड टेल्स' या कथासंग्रहाच्या परीक्षणात. तिथे कौतुक भरपूर केलं, आणि 'हाउज मास्करेड' ही कथा आपल्या 'विल्यम विल्सन'सारखी वाटते असा टोमणाही मारला. हॉथॉर्नची ती कथा वर्षभर आधी छापून आली होती, हे पोच्या लक्षातच आलं नाही.

हॉथॉर्न (१८०४–१८६४) मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम गावचा. कॉलेज संपल्यावर कितीतरी वर्षं तो आईच्या घरी बसून लिहीत राहिला आणि कथा निनावी छापत राहिला. 'ट्वाइस-टोल्ड टेल्स' हा १८३७ चा पहिला संग्रह निघाला तो होरेशिओ ब्रिज या मित्रानं त्याला न सांगता प्रकाशकाला २५० डॉलरची हमी दिली म्हणून. पुढे पोट भरलं ते बॉस्टन आणि सेलमच्या कस्टम हाउसमधल्या, म्हणजे जकात कचेरीतल्या, नोकरीवर. त्याची कथा संथ चालते, मध्येच थांबून वाचकाकडे बघते. पोच्या कथेत ही चैन नाही.

फरक नेमका बघायचा तर प्रत्येकाची एक कथा घ्या.

पोची 'द कास्क ऑफ अमॉन्टिलाडो' (१८४६) जेमतेम पंधरा-वीस मिनिटांची. मॉन्ट्रेसर हा फॉर्च्युनाटोला उंची दारूच्या आमिषानं तळघरात नेतो, कोनाड्यात साखळीनं बांधतो आणि भिंत घालतो. कोनाड्याचं माप दिलेलं आहे: खोली चार फूट, रुंदी तीन, उंची सहा-सात. थर मोजत जा. पहिला थर होतो तेव्हा आतून कण्हणं ऐकू येतं आणि कळतं की माणसाची नशा उतरली आहे. चौथ्यानंतर साखळीचा खळखळाट, तेव्हा मॉन्ट्रेसर काम थांबवून हाडांच्या ढिगावर बसून ऐकतो. मग पाचवा, सहावा, सातवा. अकराव्या थराचा एकच दगड उरतो, तेव्हा आतून हसू आणि विनवणी ऐकू येते, आणि शेवटी फक्त विदूषकी टोपीचे घुंगरू वाजतात. आता मागे जाऊन शोधा, अपमान नेमका कोणता होता? सांगितलेलाच नाही. कारण सांगितलं असतं तर वाचक न्यायनिवाडा करायला बसला असता. पोला त्याला तळघरातून बाहेर पडू द्यायचं नाही.

हॉथॉर्नची 'यंग गुडमन ब्राउन' (१८३५) याच्या दुप्पट लांब. ब्राउन रात्री फेथ नावाच्या बायकोला घरी ठेवून जंगलात जातो आणि गावातली सगळी सज्जन माणसं सैतानाच्या सभेला आलेली बघतो. फेथची गुलाबी फीत वरून तरंगत येऊन फांदीला अडकते, तिथे त्याचा धीर सुटतो. हे स्वप्न होतं का, असं लेखक स्वतःच विचारतो आणि उत्तर न देता पुढे जातो. ही कथा नवख्या वाचकाला सपाट वाटते, त्याचं कारण बहुधा संदर्भाचा अभाव. कथेतल्या क्लॉइस, कोरी, कॅरियर या बायकांची नावं १६९२ च्या सेलम चेटूक-खटल्यांतल्या खऱ्या आरोपींची आहेत, आणि त्यांची चौकशी करणाऱ्यांत हॉथॉर्नचा पूर्वज जॉन हॅथॉर्न होता. त्या खटल्यांवर दहा मिनिटं वाचून मग कथेकडे या.

दोघांचं लेखन हक्कमुक्त आहे आणि प्रोजेक्ट गुटेनबर्ग या ई-पुस्तकांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. लोक फसतात ते इथेच. पोचा पाच खंडांचा संच उतरवून पहिला खंड उघडला की चरित्रलेखांनंतर पहिलीच कथा येते ती चंद्रावर फुग्यातून जाणाऱ्या हान्स फालची, लांबलचक. सरळ दुसरा खंड घ्या. 'कास्क', 'द फॉल ऑफ द हाउस ऑफ अशर', 'द टेल-टेल हार्ट', 'द ब्लॅक कॅट' सगळं तिथे आहे. हॉथॉर्नच्या 'ट्वाइस-टोल्ड टेल्स'मध्ये कथांइतकीच ललित टिपणं आहेत, म्हणून ओळीनं वाचू नका. 'वेकफील्ड' आणि पाद्री हूपरच्या काळ्या बुरख्याची कथा तेवढी उचला. 'ब्राउन' त्या संग्रहात नाहीच, ती 'मॉसेस फ्रॉम ॲन ओल्ड मॅन्स' (१८४६) मध्ये आहे, आणि त्याच्या सुरुवातीचा घरावरचा लांब लेख सध्या सोडून द्यायला हरकत नाही.

पोचं चरित्र निवडताना तारीख बघा. त्याच्या मृत्यूनंतर रूफस ग्रिसवोल्डनं लिहिलेल्या चरित्रात पोच्या पत्रांत फेरफार केले होते आणि व्यसनी, कृतघ्न पो तिथूनच पसरला. आर्थर हॉब्सन क्विनच्या १९४१ च्या चरित्रानं ही बनावट उघडी पाडली. हॉथॉर्नच्या बाबतीत असला घोळ नाही.

रहस्यकथेच्या ओढीनं पोकडे वळणार असाल तर 'द मर्डर्स इन द र्यू मॉर्ग' (१८४१) पहिली घेऊ नका. सुरुवातीची काही पानं बुद्धिबळ, पत्ते आणि विश्लेषणशक्तीवरच्या चर्चेत जातात आणि दुपाँ हा गुन्हा उकलणारा नायक येईपर्यंत पुस्तक मिटलेलं असतं. आधी 'द परलॉइन्ड लेटर' वाचा. तिथे तो पहिल्याच पानावर अंधारात पाइप ओढत बसलेला भेटतो.