ईएसआयसी: लहान कारखान्याच्या हिशेबाने

१८,००० रुपये पगाराच्या कामगारामागे ईएसआयसीला (कर्मचारी राज्य विमा महामंडळ, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा) महिन्याला ७२० रुपये जातात. मालकाचे ३.२५ टक्के म्हणजे ५८५, कामगाराचे ०.७५ टक्के म्हणजे १३५. जून २०१९ पर्यंत हेच दर ४.७५ आणि १.७५ होते, त्यामुळे आज ही योजना बरीच स्वस्त पडते. या पैशात कामगार आणि त्याचं कुटुंब दोघांचे उपचार, औषधं, ऑपरेशन येतात, खर्चाला वरची मर्यादा नाही आणि उपचाराचा हक्क नोकरीच्या पहिल्या दिवसापासून मिळतो. खासगी ग्रुप मेडिक्लेममध्ये विम्याच्या रकमेला आणि खोलीभाड्याला मर्यादा असते, साध्या तापाचा दवाखाना बहुधा बसत नाही, आणि बुडालेला पगार कुणी भरून देत नाही.

ईएसआयसीची खरी ताकद त्या बुडालेल्या पगारात आहे, आणि कारखान्यांत तिचाच वापर सर्वांत कमी होतो. खाडा झाला की पगार गेला, म्हणून कामगार अंगात ताप असताना प्रेसवर उभा राहतो. मग माल रिजेक्ट होतो, हात मशीनमध्ये जातो, शेजारचे दोघं आजारी पडतात. हा खर्च कुठल्याच व्हाउचरवर दिसत नाही, पण तो मालकच भरतो. आजारपणात सरासरी रोजाच्या ७० टक्के रक्कम मिळते, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. १८,००० पगार आणि ३० दिवसांचा महिना धरला तर रोज ६०० रुपये, भरपाई ४२०. पहिल्या २ दिवसांचे पैसे मिळत नाहीत. म्हणजे १० दिवसांच्या डेंग्यूत ८ दिवसांचे ३,३६० रुपये. १५ दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडला तर ती दोन दिवसांची कपातही नाही. टीबी, कॅन्सरसारख्या ३४ दीर्घ आजारांत ८० टक्के, दोन वर्षांपर्यंत; त्यासाठी मात्र सलग दोन वर्षं नोकरी आणि अंशदानाचे (दरमहा भरलेल्या विम्याच्या हप्त्याचे) १५६ दिवस लागतात.

रोख भरपाईची अट कामगाराला आधीच समजावून सांगा. सहा महिन्यांच्या अंशदान काळात किमान ७८ दिवसांचं अंशदान भरलेलं हवं, आणि एप्रिल ते सप्टेंबरचं अंशदान पुढच्या जानेवारी ते जूनमधल्या आजाराला लागू पडतं. नवा माणूस पहिले काही महिने फक्त उपचारांचा हक्कदार असतो. हे माहीत नसलं की पहिल्याच आजारात पैसे मिळत नाहीत, आणि ‘ईएसआयसीत काही मिळत नाही’ ही समजूत शॉपफ्लोअरवर कायमची बसते.

दावे अडतात ते बहुतेक कागदावर. कामगार आधी गल्लीतल्या डॉक्टरकडे जातो, चार दिवसांनी त्यांची चिठ्ठी घेऊन येतो. पहिल्याच दिवशी आपल्या ईएसआय दवाखान्यातून सर्टिफिकेट घ्यायला हवं. ते बहुधा आठवड्याचंच मिळतं, त्यामुळे आजार लांबला तर पुन्हा जाऊन पुढचं घ्यावं लागतं आणि कामावर येण्याआधी शेवटचं, फिट असल्याचं. दुसरी चूक ऑफिसात होते. हजेरी सांभाळणारा क्लार्क चांगुलपणाने त्या दिवसांना पगारी रजा लावतो. पगारी रजेच्या दिवसांची भरपाई मिळत नाही, आणि कामगाराची रजाही संपते. मस्टरवर आजारपणाच्या दिवसांची वेगळी खूण ठेवा.

नोंदणी नेमणुकीच्याच दिवशी करा आणि घरातल्यांचे आधार क्रमांक तेव्हाच जोडा. कुटुंब गावी असेल तर त्यांच्यासाठी वेगळा दवाखाना निवडता येतो. फार थोड्या कारखान्यांत हे कामगाराला विचारलं जातं.

पगार ईएसआयसीच्या २१,००० च्या मर्यादेवर गेला की त्याच महिन्यात कपात थांबवणं ही आणखी एक ठरलेली चूक. चालू अंशदान काळ संपेपर्यंत, म्हणजे ३० सप्टेंबर किंवा ३१ मार्चपर्यंत, पूर्ण पगारावर भरावंच लागतं. ओव्हरटाइम मर्यादा मोजताना धरत नाहीत. मर्यादेबाहेर गेलेल्यांसाठी अंशदान थांबेल त्याच महिन्यापासून ग्रुप पॉलिसी घ्या, मध्ये खंड पडू देऊ नका.

सेवेची उणी बाजूही मोठी आहे. दवाखान्यात रांग असते, औषध कधी अर्धंच मिळतं, आणि बीपी-मधुमेहाच्या मासिक गोळ्यांसाठी माणसाचा अर्धा दिवस जातो. त्या दिवशी त्याला सेकंड शिफ्ट लावली तर तो खाडा टळतो. एवढी सोय प्रत्येक सुपरवायझरने करायलाच हवी, कारण गोळ्या बंद झालेला माणूस पुढे महिनाभर घरी बसतो. चिंचवडला मोहननगरचं, नाशकात सातपूरचं हॉस्पिटल असल्याने तिथल्या कारखान्यांचं बरं चालतं. तालुक्याच्या एमआयडीसीत हॉस्पिटल लांब असतं आणि ईएसआयसीच्या पॅनेलवरच्या खासगी हॉस्पिटलात कॅशलेससाठी बहुधा दवाखान्याची रेफर चिठ्ठी लागते. अशा ठिकाणी जवळचं पॅनेल हॉस्पिटल कोणतं, तिथे कोणते विभाग चालू आहेत आणि तातडीच्या वेळी कागद कोणते लागतात, हे गेटवर लावून ठेवावं.

कामावरच्या अपघातात ७८ दिवसांची अट नाही आणि भरपाई ९० टक्के आहे. अपघाताचा रिपोर्ट २४ तासांत ईएसआयसीच्या पोर्टलवर भरा; तो उशिरा भरला की चौकशी लांबते आणि घरात बसलेल्या कामगाराचे पैसे अडतात. ठेकेदाराच्या माणसांचं अंशदान थकलं तर वसुली मूळ मालकाकडून होते, म्हणून दर महिन्याच्या १५ तारखेनंतर त्याच्याकडून अंशदान भरल्याचं चलन मागा, त्यातले विमा क्रमांक गेटच्या हजेरीशी जुळवा आणि मगच बिल पास करा.