सेमिनारला कुठलं व्हायरल हेलिकेज घेऊ? टी७, लार्ज टी की ई१

दरवर्षी सेमिनारचे टॉपिक द्यायची वेळ आली की कुणीतरी ज्युनियर विचारतंच, व्हायरसचं हेलिकेज (डीएनएचे दोन धागे सोडवणारं प्रोटीन) घ्यायचंय पण कुठलं घेऊ, गुगल केलं की सगळीकडे तेच सहा पाकळ्यांचं फूल दिसतं. खरंय, वरून बघितलं तर तिन्ही सारखीच दिसतात. सहा सबयुनिट (जोडून अंगठी करणारे प्रोटीनचे तुकडे), मधे भोक, दोन सबयुनिटच्या सांध्यात एटीपी (पेशीचं इंधन) बसायची जागा, आणि त्या एटीपीला तोडायला शेजारच्या सबयुनिटचं आर्जिनिन हे अमिनो आम्ल मदतीला येतं, म्हणून एकटं सबयुनिट फारसं काही करू शकत नाही. डीएनएचा एक धागा भोकातून जातो, दुसरा बाहेर राहतो, आणि अंगठी पुढे सरकली की चेन उघडावी तसे दोन धागे वेगळे होतात. इथपर्यंत कॉमन.

माझं मत आधीच सांगते. मोटर चालते कशी हे समजावून सांगायचं असेल तर पॅपिलोमाव्हायरसचं ई१, लॅबमधे स्वतः काही मोजायचं असेल तर टी७ फाजचं (बॅक्टेरियावर जगणाऱ्या व्हायरसचं) जीपी४, आणि वाद घालायची हौस असेल तर माकडांच्या एसव्ही४० व्हायरसचं लार्ज टी अँटिजेन.

ई१ चं कारण साधं आहे, त्याचा फोटो डीएनए आत असताना निघालाय. २००६ मधे कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या एनेमार्क आणि जोशुआ-टोर यांनी गाईगुरांच्या पॅपिलोमाव्हायरसच्या ई१ चं क्रिस्टल स्ट्रक्चर नेचरमधे दिलं आणि त्यात भोकाच्या आत सहा हेअरपिन (प्रोटीनच्या केसाच्या पिनेसारख्या वळलेल्या पट्ट्या) गोल जिन्यासारख्या लागलेल्या दिसतात, प्रत्येक हेअरपिन एकेका न्यूक्लिओटाइडचा (डीएनए धाग्याच्या एका दुव्याचा) फॉस्फेट धरून. आता हे सांगताना बरेच जण स्लॅबच्या कामावरच्या घमेल्यांचं उदाहरण देतात, माणसं ओळीने उभी आणि घमेलं हातोहात पुढे. ते चुकीचं आहे हो. इथे कुणी कुणाला घमेलं देत नाही, प्रत्येक मजूर आपापलं घमेलं जिन्याच्या वरच्या पायरीपासून खालपर्यंत स्वतः घेऊन जातो, खाली सोडतो आणि परत वर जाऊन नवीन उचलतो. वर असताना एटीपी बसलेला, मधे कुठेतरी तुटतो, खाली पोचेपर्यंत उरलेला एडीपीसुद्धा निघून गेलेला. सहा जण एकामागोमाग हेच करतात, एका एटीपीला एक न्यूक्लिओटाइड. पीडीबी या प्रोटीन स्ट्रक्चरच्या डेटाबेसमधून २जीएक्सए ही याची फाइल डाउनलोड करा आणि बाकी सगळं लपवून फक्त हेअरपिन आणि डीएनए ठेवा, अर्धा सेमिनार तिथेच झाला.

प्रश्न एकच येणार, एचपीव्हीची (माणसांच्या पॅपिलोमाव्हायरसची) लस ही मोटर बंद करते का? नाही. पुण्यात बनणारी सर्व्हावॅक असो की बाहेरच्या, सगळ्या एल१ या कवचाच्या प्रोटीनवर बेतलेल्या आहेत, ई१ चा त्यात संबंध नाही. उत्तर तयार ठेवा, कारण मला हे विचारलं तेव्हा मी नुसती गोलगोल फिरले होते.

टी७ ची गोष्ट वेगळीच. पहिला फरक घराण्याचा, ई१ आणि लार्ज टी हे एकाच सुपरफॅमिली ३ मधले, एएए प्लस घडणीचे, तर जीपी४ सुपरफॅमिली ४ मधलं, रेकए या प्रोटीनसारख्या घडणीचं. दुसरा दिशेचा, आणि इथे सगळे घसरतात. ई१ आणि लार्ज टी तीन प्राइमकडून पाच प्राइमकडे (ही धाग्याच्या दोन टोकांची नावं) जातात म्हणजे लीडिंग स्ट्रँडच्या (सलग बनणाऱ्या नव्या धाग्याच्या) साच्यावर बसतात, जीपी४ पाच प्राइमकडून तीन प्राइमकडे जातं म्हणजे लॅगिंगच्या (तुकड्यातुकड्यांनी बनणाऱ्याच्या) साच्यावर. स्लाइडवर बाण काढण्याआधी दोनदा बघा. शिवाय जीपी४ ला प्रायमेजही जोडलेलंच आहे, त्यामुळे रस्ता उघडता उघडता आरएनए प्रायमरही (नव्या धाग्याची सुरुवात करून देणारा छोटा तुकडा) तेच घालतं, दोन कामांचा एक माणूस.

त्याचं २००० सालचं क्रिस्टल स्ट्रक्चर डीएनएशिवायचं होतं, सहापैकी चारच जागांत न्यूक्लिओटाइड आणि अंगठी थोडी वाकडी, त्यावरून सबयुनिट आळीपाळीने काम करत असणार असा अंदाज बांधला गेला. डीएनएसकट पूर्ण चित्र २०१९ मधे क्रायो-ईएमने (गोठवलेल्या नमुन्यांच्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीने) आलं, तेही पॉलिमरेजसकट (नवीन डीएनए बनवणारं एन्झाइम). आणि ते बघितल्यावर मला दोरीचा मल्लखांब आठवला, मागचा हात सुटतो, वरच्या हाताच्या पलीकडे जाऊन पकडतो, मग दुसरा. ई१ मधे आतली हेअरपिन तेवढी वरखाली होते, इथे अख्खं सबयुनिटच उठून पुढे जातं, आणि एका पावलाला दोन न्यूक्लिओटाइड. तुलनेत सांगण्यासारखी गोष्ट हीच, बाकीचं पाठांतर.

पण टी७ घ्यायचं खरं कारण आकडे. नुसत्या एकेरी धाग्यावर हे हेलिकेज १८ डिग्रीला सेकंदाला साधारण १३० बेस पळतं, तेच दुहेरी डीएनए उघडायला लावलं की १५ वर येतं. पॉलिमरेज सोबत दिलं की परत शंभरच्या आसपास! म्हणजे पॉलिमरेज मागून नवीन धागा विणत येतं आणि उघडलेले धागे परत चिकटू देत नाही, मोटर एकटी तशी अडखळतीच आहे. फाज असल्यामुळे सगळं ई. कोलाय या बॅक्टेरियात होतं, अगदी पॉलिमरेजचा जोडीदार थायोरेडॉक्सिनसुद्धा ई. कोलायकडून उसना घेतलेला. एक सूचना, बफरमधे सवयीने एटीपी टाकू नका, या बाईसाहेबांना त्याचा भाऊबंद डीटीटीपी आवडतं.

आता लार्ज टी. ७०८ अमिनो आम्लांचं प्रोटीन, पी५३ आणि आरबी या कॅन्सर रोखणाऱ्या दोन्ही प्रोटीनना धरतं, त्यामुळे कॅन्सरवाले लोक वेगळ्याच कारणासाठी ओळखतात. लांबी पूर्ण हवी असेल तर बहुतेक लॅब कीटकांच्या पेशींत बनवतात, म्हणजे साध्या कॉलेज लॅबमधे विसरा. स्ट्रक्चर २००३ ला आलं आणि २००४ ला त्याच ग्रुपने एटीपी, एडीपी आणि रिकामी अशा तीन अवस्था दिल्या, आणि गंमत म्हणजे प्रत्येक अवस्थेत सहाही सबयुनिट सारखेच! म्हणून त्यांनी म्हटलं की रस्सीखेचीसारखे सगळे एकदम ओढतात. मग दोन वर्षांनी घरातल्याच ई१ ने जिना दाखवला आणि गोंधळ उडाला, कारण लार्ज टी च्या त्या फोटोंत डीएनए नव्हताच. असाच दुसरा वाद, जुन्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या चित्रांत दोन अंगठ्या चिकटलेल्या आणि बाजूने धाग्यांचे फास सशाच्या कानांसारखे बाहेर, म्हणून वाटायचं की दुहेरी डीएनए आत ओढला जातो. २०१२ मधे दिसलं की एकटी अंगठीही चालते आणि वाटेत डीएनएला प्रोटीन अडकवलं तरी ते ओलांडून जाते, मग एकेरी धागाच आत असणार. २०२५ मधे सौदीतल्या काउस्ट विद्यापीठाच्या टीमने क्रायो-ईएमने उलगडण्याच्या १५ अवस्था टिपल्या, तिथून वाचायला सुरुवात केली तर मागचे पेपर पटकन लागतात.

औषधाच्या अंगाने प्रोजेक्ट करणाऱ्यांनी मात्र या तिघांच्या नादी लागू नये असं मला वाटतं. हर्पिसचं हेलिकेज-प्रायमेज बघा, त्याला अडवणारं अमेनामेविर जपानमधे २०१७ पासून नागिणीसाठी मंजूर आहे. डॉकिंग (कॉम्प्युटरवर औषध प्रोटीनमधे बसवून बघणं) करायचंच तर जिथे गोळी खरंच बाजारात पोचली तिथे करा.

आणि वीस मिनिटांत तिन्ही मावतील असं समजू नका, मी एकदा प्रयत्न केलाय, दुसऱ्या हेलिकेजच्या मधेच बेल वाजली.