1,350 रुपयांचा ऑइल प्रेशर गेज आणि माझा तिसरा टर्बो

माझी गाडी 2013 ची, छोटी डिझेल सेदान. इंजिन तेच 1248 सीसीचं, ज्याला एके काळी लोक कौतुकानं ‘राष्ट्रीय डिझेल इंजिन’ म्हणायचे, कारण इतक्या कंपन्यांच्या गाड्यांत ते बसवलेलं असायचं. मी कोल्हापूर-रत्नागिरी आणि कोल्हापूर-पुणे अशी भाडी मारतो. आज लिहितोय ते गाडीबद्दल नाही. ऑनलाइन मागवलेल्या ऑइल प्रेशर टेस्टर किटबद्दल, म्हणजे इंजिनातल्या ऑइलचा दाब मोजायच्या गेजबद्दल लिहितोय, आणि त्या किटनं मला काय दाखवलं आणि काय दाखवलं नाही याबद्दल.

साखरप्याहून आंबा घाट चढताना पहिला टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा, गेला. आधी दोन दिवस बारीक शिट्टी येत होती. घाटात तिसऱ्या गिअरला पिकअप बसला आणि आरशात निळसर धूर दिसला. नेहमीच्या गॅरेजमध्ये रिकंडिशन टर्बो बसवला, ऑइल आणि फिल्टर बदलला, बिल 21 हजारांचं झालं. जेमतेम 1,900 किलोमीटर झाले आणि पुन्हा तीच शिट्टी. हवेचा पाईप काढून टर्बोचा पंखा बोटानं हलवला तर शाफ्ट वर-खाली खुळखुळत होता. गॅरेजवाला म्हणाला टर्बोच खराब निघाला. टर्बो देणाऱ्यानं वॉरंटीच्या कागदावर बोट ठेवलं: नवीन ऑइल फीड पाईप (टर्बोला ऑइल नेणारा पाईप) टाकल्याचं बिल दाखवा. ते बिल नव्हतंच, कारण पाईप जुनाच ठेवला होता. ऑइल वरपर्यंत नीट येतंय का, हे दोघांपैकी कुणीच तपासलं नव्हतं.

त्या रात्री मी हा किट मागवला.

प्लॅस्टिकच्या काळ्या पेटीत अडीच इंची डायल आहे, 0 ते 10 बार (दाबाचं माप), आतल्या बाजूला पीएसआय या दुसऱ्या मापाचे आकडे, भोवती जाड रबराचं कव्हर. सोबत साधारण चार फुटी नळी, बॉनेटला अडकवायचा हूक आणि वेगवेगळ्या आट्यांचे नऊ अडॅप्टर. माझ्या पेटीत तांब्याचे वायसर सहाच्या जागी चार निघाले. माहितीपत्रक एका पानाचं, त्यातून काही कळत नाही. अडॅप्टर मात्र पितळी आहेत, आटे स्वच्छ कापलेत, हातानं तीन-चार फेरे सहज बसतात. डायल खरं दाखवतोय का हे बघायला मी तो पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरला लावला. टाकीवरच्या मीटरला 5 बार, माझ्या काट्याला 4.8. या किमतीत मला ते चालतं.

वापरायची पद्धत सोपी आहे, पण घाई करायची नाही. इंजिनवरचा ऑइल प्रेशर स्विच काढायचा, त्या जागी अडॅप्टर लावायचा, नळी जोडायची. नळी सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून आणि बेल्टपासून लांब बांधायची. गळती होऊन गरम मॅनिफोल्डवर ऑइल पडलं तर आग लागू शकते, म्हणून मी सुरू केल्यावर पहिला अर्धा मिनिट फक्त जोडांकडे बघतो, काट्याकडे नाही. आणि डॅशबोर्डच्या लाल दिव्यावर विसंबू नका. तो साधारण अर्ध्या बारच्या आसपास किंवा त्याच्याही खाली दाब गेल्यावर लागतो. तोवर टर्बोच्या बेअरिंगचं व्हायचं ते नुकसान झालेलं असतं.

माझे आकडे असे आले. सकाळी थंड इंजिन, आयडलवर (रेस न देता) 4 बार. मग पन्हाळ्यापर्यंत जाऊन आलो, इंजिन चांगलं तापवलं. गरम आयडलवर 1.3, दोन हजार आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) 3 च्या थोडं वर. जुन्या मिस्त्री लोकांचा ठोकताळा आहे, दर हजार आरपीएमला 10 पीएसआय, म्हणजे साधारण 0.7 बार. त्या हिशेबानं माझं इंजिन ठणठणीत होतं. ऑइल पंप चांगला, मेन बेअरिंग चांगले. मला वाटलं, म्हणजे टर्बोच खराब होता.

तो आकडा कागदावर लिहून मी उद्यमनगरातल्या एका वयस्कर टर्बो मिस्त्रींकडे गेलो, त्यांना सगळे चाचा म्हणतात. कोल्हापूरचं उद्यमनगर म्हणजे इंजिनवाल्यांचं गाव, तिथं लेथ आणि मिस्त्री हाकेच्या अंतरावर मिळतात. चाचांनी कागद बघितला आणि म्हणाले, “आकडा बरोबर हाय. पण ह्यो ब्लॉकातला दाब. टर्बोच्या तोंडाला काय मिळतंय ते कुठं बघितलंय तुम्ही?”

हीच गोष्ट मला कुणी आधी सांगितली नव्हती. दाब असणं आणि ऑइल पोहोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गेज ब्लॉकच्या गॅलरीत, म्हणजे इंजिनातल्या ऑइलच्या मुख्य वाटेवर बसतो. टर्बोला ऑइल जातं ते तिथून निघणाऱ्या बारीक लोखंडी पाईपातून. तो पाईप तुंबला तरी गॅलरीतला दाब तसाच राहतो. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेतो आणि बहुतेक टर्बोंत त्याला बॉल बेअरिंग नसतं. माझ्या टर्बोत तो बुशमध्ये ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. थर तुटला की धातूवर धातू.

मग चाचांनी जे केलं ते मी मोबाईलवर टिपून ठेवलंय. टर्बोच्या खालून ऑइल परत चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत) नेणारा जाड पाईप सोडवला, त्याला पारदर्शक नळी जोडली आणि ती एक लिटरच्या पाण्याच्या बाटलीत सोडली. बाटलीवर मार्करनं 100, 200, 300 मिलीच्या रेघा. चेंबरकडचं तोंड बोळ्यानं बंद केलं, डिपस्टिक बघून घेतली. इंजिन सुरू, आयडलवर, घड्याळ लावून बरोबर एक मिनिट. पाव लिटरच्या वर यायला हवं होतं, असं त्यांचं म्हणणं. आलं किती? पहिल्या रेघेच्याही खाली, निम्म्यापर्यंत. नळीतून धार नव्हती, थेंबाला थेंब लागत होता. आणि बॉनेटला टांगलेला माझा गेज त्याच वेळी 1.3 बार दाखवत होता.

“टर्बो आपणहून मेला न्हाई. तहानंनं मेलाय,” चाचा म्हणाले.

फीड पाईप काढून त्यांनी ‘पुढारी’च्या पानावर आपटला. चहाच्या पावडरीसारखे काळे, कडक दाणे पडले. मी म्हटलं, तार घालून साफ करू या. त्यांनी ऐकलं नाही. पाईप वायसमध्ये धरला आणि करवत पात्यानं मधोमध उभा चिरला. आत कार्बनचा थर इतका जाड, की मधे बॉलपेनच्या रिफिलएवढंच भोक उरलेलं. तारेनं निम्मा कार्बन सुटला असता आणि नवीन टर्बोच्या बेअरिंगमध्ये जाऊन बसला असता.

यात चूक माझी आहे आणि ती मी मान्य करतो. घाट चढून आलो की आंब्याला चहासाठी गाडी लावायची आणि लगेच चावी फिरवायची, ही माझी अनेक वर्षांची सवय. गाडी बंद झाली की पंप बंद, पण टर्बो अजून प्रचंड तापलेला. पाईपातलं साचलेलं ऑइल तिथंच भाजून निघतं. त्यात ऑइल दहा हजारांऐवजी मी पंधरा हजारांपर्यंत ओढत होतो.

चाचांनी चेंबर उतरवून पंपाची जाळीही बघितली, ती स्वच्छ होती. नवीन फीड पाईप, दोन्ही टोकांना नवे तांब्याचे वायसर, रिटर्न पाईपला नवा गॅस्केट. सिलिकॉन लावू दिलं नाही. माझ्या किटच्या जोडावर मी आधी टेफ्लॉन टेप गुंडाळली होती, ती बघून ते खरोखर रागावले. टेपचा तुकडा सुटला तर तो ऑइलबरोबर फिरत टर्बोच्या भोकात अडकणार. टेप काढली, तांब्याचा वायसर टाकला, गळती तशीही थांबली.

टर्बो बसवताना किटचा सगळ्यात चांगला उपयोग झाला. टर्बोच्या ऑइल घालायच्या भोकात सिरिंजनं ताजं 5डब्ल्यू-40 ऑइल सोडलं, हातानं शाफ्ट फिरवला. इंजेक्टरचे (डिझेल फवारणाऱ्या नोझलचे) वायरिंगचे सॉकेट काढले, म्हणजे इंजिन फिरेल पण पेटणार नाही. मग दहा-दहा सेकंद स्टार्टर. पहिल्या वेळी काटा हलला नाही, दुसऱ्या वेळी थरथरला, तिसऱ्या वेळी 1 बारच्या वर जाऊन थांबला. काटा वर आल्याशिवाय सॉकेट लावायचे नाहीत, असं चाचांनी बजावलं होतं. नंतर पुन्हा बाटली, पुन्हा एक मिनिट. या वेळी नळीतून सरळ धार होती आणि ऑइल 300 च्या रेघेला लागलं. परत चेंबरमध्ये ओतायच्या आधी मी ती बाटली उजेडात धरून बघितली, मधाच्या रंगाचं स्वच्छ ऑइल.

किटबद्दल तक्रारी दोन. नळी कडक आहे, थंडीच्या सकाळी तर वळतच नाही, माझ्या गाडीत स्विचची जागा अडचणीची असल्यानं अडॅप्टरवर ताण येतो. दुसरं, पितळी कपलिंगला लॉक नाही, धक्का लागला तर सुटू शकतं, म्हणून इंजिन चालू असताना मी तारेनं बांधतो. पैसे थोडे जास्त असतील तर स्टीलची जाळी असलेल्या नळीचा किट घ्या. माझ्या पेटीत 1/8 इंची आटे आणि मेट्रिकचे 10, 12, 14 चे निघाले, पण मागवण्याआधी आपल्या गाडीचा स्विच काढून आटे मोजून घ्या. आणि दाबाचे आकडे आपल्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमधले धरा, माझे नाही.

तिसरा टर्बो बसून 14,000 किलोमीटर झालेत. शाफ्ट खुळखुळत नाही, इंटरकूलरच्या (टर्बोची हवा गार करणाऱ्या जाळीच्या) पाईपात ऑइल नाही. आता आंब्याला गाडी लावली की मी दीड मिनिट आयडलवर ठेवतो, प्रवासी उतरून चहा सांगेपर्यंत. गेल्या रविवारी गरम आयडलवर काटा 1.3 वरच होता. किट सध्या आमच्या गल्लीतल्या पिकअपवाल्या भाच्याकडे आहे, त्याच्या गाडीतून शिट्टी यायला लागलीय. बाटली आणि मार्करही सोबत दिलाय.