नागपूरच्या उन्हाळ्यात कोणते डबे टिकले: माझ्या वर्षभराच्या बोर्डगेम्सचा रिव्ह्यू

आमच्याकडे स्वयंपाकघरात कालनिर्णय लटकलेलं असतं आणि त्याच्या चौकोनांत आई दूध कधी आलं नाही, सिलेंडर कधी लागला हे लिहिते. मागच्या जानेवारीपासून मी त्याच चौकोनांत कोपऱ्यात एकेक अक्षर टाकायला लागलो, म्हणजे त्या दिवशी घरी कोणता गेम झाला ते. अ म्हणजे अझूल, क म्हणजे कटान, मे म्हणजे मेंढीकोट वगैरे. त्यासाठी अ‍ॅप असतात, माहीत आहे, पण मी अ‍ॅप उघडतो आणि मग तासभर रीलच बघत बसतो. तर ३१ डिसेंबरला बारा पानं घेऊन मोजायला बसलो, एकूण १३१ वेळा खेळलो आणि हिशोब बघून जरा लाजच वाटली राव, कारण ज्या डब्यावर सगळ्यात जास्त पैसे घातले तो निघाला एकदा, आणि चाळीस रुपयांचा पत्त्यांचा कॅट निघाला ३४ वेळा.

म्हणून म्हटलं हा रिव्ह्यू लिहूच, कारण यूट्यूबवर जे रिव्ह्यू असतात त्यांच्या घरी एसी असतो, मोठं टेबल असतं आणि तेच चार मित्र दर शुक्रवारी हजर असतात. आमच्याकडे कुलर, सतरंजी आणि मधेच येणारे पाहुणे.

आधी विजेता सांगतो. अझूल, ४१ वेळा. २०१७ चा गेम, मिखाएल कीसलिंग नावाच्या डिझायनरचा, २०१८ ला जर्मनीचं ते मोठं श्पील देस यारेस बक्षीस मिळालेलं. पोर्तुगालच्या रंगीत फरश्यांवरून सुचलेला आहे. आत १०० टाइल्स, पाच रंग, प्रत्येकी वीस. दोघं असले की मधे पाच गोल चकत्या ठेवायच्या, प्रत्येकीवर चार टाइल्स, तुम्ही एका चकतीवरून एकाच रंगाच्या सगळ्या उचलायच्या, उरलेल्या मधे सरकवायच्या, बस. नियम सांगायला पाच मिनिटं. मी आईला सांगत होतो तेव्हा ती मेथी निवडत होती, मला वाटलं ऐकतच नाहीये, आणि पहिल्याच डावात तिने मला मायनस बारा पाडले. कारण यातली खरी गंमत अशी आहे की उचललेलं सगळं ठेवावंच लागतं, जागा नसेल तर खाली जमिनीवर पडतं आणि मार्क कापले जातात, तर आई स्वतःला काय पाहिजे हे बघतच नाही, मला काय नको हे बघते. शेवटी मधे पाच पिवळ्या ठेवून देते, मला एक पाहिजे असते, आणि म्हणते, "घे ना, तुझीच पाळी आहे." चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईशी हा गेम खेळू नये.

क्वालिटीबद्दल म्हणाल तर टाइल्स जड आहेत, गुळगुळीत, पिशवीत हात घातला की जुन्या सागरगोट्यांसारखा खुळखुळाट होतो. फरसाणाचे तेलकट हात लागले तरी पुसून साफ. एक तक्रार आहे, तो मार्क मोजायचा छोटा काळा ठोकळा, कोणाचा हात लागला की सरकतो आणि मग "माझे अठ्ठेचाळीस होते" "नाही बेचाळीस होते" हे सुरू.

आता कुलरचा विषय, कारण तो कोणीच सांगत नाही. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या वर जातो, दुपारी बाहेर पडायची सोय नसते, म्हणजे गेम खेळायला खरा सीझन तोच. पण फॅन लावला की पत्ते उडतात, आणि कुलर लावला की हवेत एवढा ओलावा येतो की पंधरा दिवसांत पत्ते होडीसारखे वळतात. माझे कटानचे पत्ते असेच वळले. मग शहाणपणा करून स्लीव्ह, म्हणजे पत्त्यांवर चढवायचे प्लॅस्टिकचे कव्हर मागवले, सगळ्यात कॉमन साइज म्हणून ६३.५ बाय ८८ मिलिमीटरचे, आणि आल्यावर कळलं कटानचे पत्ते लहान असतात, ५४ बाय ८०. मोठ्या भावाचा शर्ट घातल्यासारखे दिसायला लागले, शफल करताना आतल्या आत हलतात. चूक माझीच, मोजून मागवायचे होते. तुम्ही मोजा.

कटान १९ वेळा झाला. १९९५ चा गेम, क्लाउस टॉयबरचा, सगळे यानेच सुरुवात करतात आणि मग सगळेच याला नावं ठेवतात. मी पण ठेवतो, आणि तरी १९. कारण तिघं-चौघं जमले, त्यातला एक नवीन असला, की दुसरं काय काढणार? फासे टाकायचे, आपल्या घराशेजारच्या जमिनीचा आकडा आला की लाकूड, वीट, गहू असं काहीतरी मिळतं, आणि बाकीच्यांशी सौदेबाजी. माझा मावसभाऊ इतवारीत होलसेलमध्ये बसतो, त्याच्यासमोर सौदा करायचाच नाही, एका मेंढीच्या बदल्यात दोन विटा घेऊन जातो आणि आपल्यालाच वाटतं की आपला फायदा झाला. माझ्या धाकट्या भावाचं वेगळंच, तो गणित करून ६ आणि ८ वर घरं बांधतो कारण छत्तीसपैकी पाच वेळा ते आकडे यायला पाहिजेत, मावसभाऊ ११ वर जाऊन बसतो जो छत्तीसपैकी दोनदाच येतो, आणि संध्याकाळभर ११ येत राहतो. धाकटा दोन दिवस बोलत नव्हता. फाशांवर ज्यांचा जीव जळतो त्यांनी हा घेऊ नये.

मेंढीवरून आठवलं, मेंढीकोट. याचा रिव्ह्यू कोण लिहितं? पण ३४ वेळा झाला तर लिहायलाच पाहिजे. चार जण, समोरासमोर भिडू, तेरा-तेरा पत्ते, आणि चार दश्श्या म्हणजे मेंढ्या पकडायच्या, चारही आल्या की कोट. लाइट गेली तरी मोबाइलच्या टॉर्चवर होतो, ट्रेनमध्ये होतो, लग्नघरात होतो. नियम समजावून सांगावे लागत नाहीत हा एवढा मोठा फायदा आहे की मला वर्षभर दिसलाच नव्हता. बाकी कुठलाही डबा उघडला की पहिली वीस मिनिटं मी मास्तर आणि बाकी सगळे जांभया देणारी पोरं.

कोडनेम्स, १४ वेळा, पण इंग्रजी शब्द असलेला डबा आमच्या घरात मेला होता. पंचवीस शब्द मांडायचे, एकाने एक शब्द आणि एक आकडा सांगून आपल्या टीमला आपले शब्द ओळखायला लावायचे, त्यात एक काळा शब्द असतो, त्याला हात लावला की डाव तिथेच संपला. आत्या म्हणाली मला ते इंग्रजी नको. मग दिवाळीत मी जुन्या व्हिजिटिंग कार्डांच्या मागे मराठी शब्द लिहिले आणि बघतो तर काय, मराठी या गेमसाठीच बनलीय! पान, नाव, वर, जोडा, कर, तार, मान, प्रत्येकाचे दोन-तीन अर्थ. मी हिंट दिली, "लग्न, तीन." माझ्या डोक्यात वर, जोडा आणि पंगतीतलं पान. आत्याच्या मिस्टरांनी, म्हणजे आमच्या मामाजींनी, वर ओळखला, जोडा ओळखला, आणि मग सरळ मान या कार्डावर बोट ठेवलं. काळा शब्द. डाव गेला. मी म्हटलं मामाजी मान कुठून आला, तर म्हणे, "काहून बे, लग्नात मान नसते काय? तुह्या लग्नात मले शालच भेटली नव्हती." तिकडे आई एकदम गप्प. आत्याने चहा टाकायला म्हणून आत पळ काढला. तर हा गेम फाइव्ह स्टार, फक्त नातेवाईकांसोबत आपल्या जबाबदारीवर.

पँडेमिक ९ वेळा. सगळे एका बाजूला, रोग दुसऱ्या बाजूला, चार औषधं शोधायची. २००८ चा आहे, म्हणजे कोविडच्या कितीतरी आधीचा. नकाशावर ४८ शहरं, त्यात दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, आणि नागपूर नाही. देशाचा मध्य मानतात तो झीरो माइल आमच्याकडे आणि विमान बदलायला कोलकात्यात जायचं, हे काही बरोबर नाही. बाकी गेम छान, फक्त एक जण सगळ्यांना ऑर्डर सोडायला लागतो हा त्याचा नेहमीचा रोग. आमच्याकडे तो एक जण मी.

कारकासोन आठ वेळा, चांगला आहे, पाऊस पडत असताना दोघांनी खेळायला मस्त, यापेक्षा जास्त काही सांगण्यासारखं नाही.

धरमपेठकडे एक बोर्डगेम कॅफे आहे, तिथेही पाचदा गेलो, नाव नाही लिहित. तासाचे माणशी पैसे घेतात. फायदा हा की घ्यायच्या आधी खेळून बघता येतं, आणि तिथला पोरगा नियम इतके भारी समजावतो की मी त्याला घरी न्यायला तयार होतो. तोटा असा की दोन डब्यांमधले तुकडे गायब होते, एकात तर लाल मीपलच्या, म्हणजे माणसाच्या आकाराच्या छोट्या सोंगटीच्या जागी शेंगदाणा ठेवलेला. खरंच. आणि गाणी एवढ्या मोठ्याने की सौदा करायला ओरडावं लागतं.

आता तो एकदा निघालेला डबा. त्याचंही नाव नाही सांगत, कारण गेमचा दोष नाही, माझा आहे. साडेतीन किलोचा, साइटवरून मागवला तर कोपरा चेपलेला आला, रिटर्नच्या नादात तीन आठवडे गेले, शेवटी तसाच ठेवला. नियमांची वही वाचायला दोन रात्री, मांडायला पाऊण तास, आणि तिसऱ्या तासाला मावसभाऊ म्हणाला, "भाऊ, आपण मेंढीकोट खेळू ना बे." अधिवेशनाचा ट्रॅफिक लागेल म्हणून उठून गेला तो. अधिवेशन डिसेंबरमध्ये असतं, हे जूनमधलं सांगतोय मी. डबा द्यायचा आहे, मनीष नगरच्या आसपास कोणाला पाहिजे असेल तर बोला, एकदाच वापरलाय, कोपरा चेपलेला, भाव करू.

आणि हो, अझूलबद्दल एक राहिलं. मे महिन्यात एक निळी टाइल हरवली होती. सोफ्याखाली, सतरंजीखाली सगळं बघितलं, मग तिच्या जागी आजोबांच्या कोटाचं एक बटण टाकलं. आईला पिशवीत हात घातल्या घातल्या बटण कळायचं आणि ती ते बरोबर टाळायची किंवा बरोबर काढायची, गरजेप्रमाणे, मला बोलायची सोयच नाही. ऑक्टोबरमध्ये कुलर धुवून ठेवायला काढला तर टाकीच्या तळाशी गाळात काहीतरी निळं दिसलं. पाच महिने पाण्यात होती. नळाखाली धुतली, रंग जसाच्या तसा, कोपरासुद्धा उडालेला नाही. आई म्हणाली बटण पण राहू दे पिशवीत, असू दे एक एक्स्ट्रा. मी काढून टाकलं.