हुकमाने की राजीखुशीने? मुलं काढून घेतलेल्या आईबापांचं गर्भनिरोधन

नीट सांभाळत नाहीत म्हणून ज्यांची मुलं सरकारने काढून घेतली, त्या आईबापांना गर्भनिरोधक कोर्टाच्या हुकमाने द्यावं, की त्यांच्या राजीखुशीने? सोशल वर्कमध्ये येणाऱ्याला या वादात कधीतरी बाजू घ्यावीच लागते. इंग्लंडमधल्या कुटुंबनियोजन क्लिनिकमध्ये नर्स असताना मलाही घ्यावी लागली.

आधी मी हुकमाच्या बाजूची होते. एकाच बाईचं चौथं बाळ जन्मताच नेलेलं पाहिलं की तसं वाटतं. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये २००४ साली न्यायाधीश मेरिलिन ओ'कॉनर यांनी व्यसनी जोडप्याला बजावलं, की आधीची मुलं परत मिळेपर्यंत नवं मूल नको. त्यात बापालाही धरलं होतं, हे मला विशेष पटलं. २००७ मध्ये वरच्या कोर्टाने, फॅमिली कोर्टाला असा अधिकारच नाही म्हणून, ती बंदी काढली.

दुसरी वाट २०१३ साली लंडनच्या हॅकनीत सुरू झालेल्या 'पॉझ' या उपक्रमाची. मुलं गेलेल्या बाईसोबत अठरा महिने एक कार्यकर्ती असते: घर, कर्ज, व्यसन, मारणारा जोडीदार, सगळ्यात. सुरुवातीला लांब मुदतीचं गर्भनिरोधक घेण्याची अट होती. ती मला खुपायची, पण बाईला नाही म्हणून निघून जाता येत होतं.

माझं मत फिरलं ते रक्तस्रावामुळे. इम्प्लांट, म्हणजे दंडाच्या कातडीखाली बसवायची गर्भनिरोधक कांडी, किमान तीन वर्षं चालतो, पण काहींचं अंगावरून जाणं थांबतच नाही. अशीच एक, दोन मुलं दत्तक गेलेली, पाच आठवडे सोसून आली. "काढा", म्हणाली. मी काढला. पुढच्या आठवड्यात ती आपणहून तांबी बसवायला आली. मागितल्याबरोबर काढला नसता तर ती पुन्हा क्लिनिकची पायरी चढली नसती, असं मला आजही वाटतं.

आता हुकूम धरा. १९९१ साली कॅलिफोर्नियाच्या टुलारे काउंटीत न्यायाधीश हॉवर्ड ब्रॉडमन यांनी मुलांना मारणाऱ्या आईला प्रोबेशनची (देखरेखीखाली मोकळं राहण्याची) अट म्हणून नॉरप्लांट हा दंडातला इम्प्लांट घालायला सांगितलं. त्या औषधाला मंजुरी मिळून महिनाही झाला नव्हता. तशी अट माझ्या पेशंटवर असती, तर मला म्हणावं लागलं असतं, "बाई, आधी कोर्टाला विचारा."

हुकमाची वाट आपल्याकडेही धरली गेली: महाराष्ट्राने १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते थांबलं. पण त्यानंतर कितीतरी वर्षं नर्सबाई दिसल्या की गावातल्या बायका दार लावून घेत, असं आई सांगे.

पुढच्या बाळाच्या जिवाचा घोर लागलेल्यांची तळमळ मी खोटी म्हणणार नाही. तुमचाही कल हुकमाकडे असेल, तर त्यात एवढं मात्र आधी लिहून घ्या: त्रास झाला तर काढायचा कुणी, आणि कुणाला विचारून.